चित्रदालनातील ओळख

चित्रांचे प्रदर्शन पाहून बाहेर पडणाऱ्या एखाद्या परिचिताला ‘कसे काय वाटले?’ असे विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘छान होते. पण खरे सांगायचे तर आपल्याला त्यातले काही कळत नाही.’ गाण्याच्या बैठकीहून परतणारा मनुष्य असे म्हणत नाही. राग मारवा होता की पूरिया हे त्याला सांगता आले नाही, तरी गाणे रंगले की नाही याविषयी त्याचे मत ठाम असते. नाटकाबद्दल तर बोलावयासच नको. चित्रापुढे मात्र हाच चारचौघांतला शहाणा मनुष्य परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यासारखा चुळबूळ करू लागतो. चित्रात कुठेतरी एक उत्तर दडविलेले आहे, ते जाणकारांना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, अशी त्याची समजूत असते. मग तो चित्राकडे अर्धा मिनिट पाहतो, शेजारच्या पट्टीवरील नाव दोनदा वाचतो आणि पुढे सरकतो.

ही समजूत समूळ घालविण्याचा उपाय मजजवळ नाही. परंतु चित्रांचा एक वर्ग असा आहे, की त्याच्या बाबतीत ‘कळत नाही’ म्हणून सुटका करून घेण्याची सोय आपल्यापैकी कोणालाही नाही. आपण कोण, आपली माणसे कोणती, आपल्याला काय आठवते आणि काय आठवत नाही, यांविषयीची ही चित्रे होत. प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत या विषयाला ‘सांस्कृतिक अस्मिता आणि स्मृती’ असे भारदस्त नाव असते. ‘अस्मिता’ या शब्दाची एक गंमत आहे. पतंजलीने योगशास्त्रात जे पाच क्लेश सांगितले त्यांत अविद्येच्या खालोखाल अस्मितेचा क्रमांक लागतो. म्हणजे योग्याने जी टाकावयाची, ती आपण अलीकडे निशाणावर लावली आहे! त्यापेक्षा मला आपला साधा ‘ओळख’ हा शब्द बरा वाटतो. ‘त्याची ओळख काय?’ असे विचारले म्हणजे नावगाव, कुळ, धंदा सांगतात, तो एक अर्थ. गर्दीत चेहरा पाहून ओळख पटते, तो दुसरा. आणि एक तिसरा अर्थ आहे, तो आपण विसरतो : ओळख करून द्यावी लागते. दोन माणसांची करून देतात, तशी समाजाची स्वतःशीही कोणीतरी करून दिलेली असते. ती कोणी करून दिली, केव्हा दिली आणि देताना कोणाला बाजूस ठेवले, हे पाहण्याची सोय चित्रदालनात आहे. ग्रंथांतही आहे, पण चित्रदालनात ती डोळ्यांना दिसते.

उदाहरण घरातलेच घेऊ. क्षणभर डोळे मिटून लक्ष्मीचे रूप आठवावे. बहुतेकांच्या मनापुढे एकच मूर्ती उभी राहील : पाण्यात उमललेल्या कमळावर उभी असलेली, चार हातांची, वरच्या दोन हातांत कमळे, अंगावर जरीकाठाची साडी, चेहरा सौम्य आणि एखाद्या खानदानी घरातील सुनेसारखा, बाजूला हत्ती. हे रूप अनादि आहे असे आपण मानतो. वस्तुतः ते राजा रविवर्म्याचे आहे, आणि त्याच्या छापखान्यातून घरोघर पोहोचल्याला सव्वाशे-दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटलेला नाही. आपल्या आजीच्या आजीच्या देव्हाऱ्यात ही लक्ष्मी नव्हती. तिथे धातूचे टाक होते, शाळिग्राम आणि बाण होते, पंचायतन होते. चित्र असलेच तर भिंतीवर काढलेले किंवा पोथीतले. चित्रकथी सांगणाऱ्यांजवळची चित्रे तर वर्षातून एखादे वेळी पाहावयास मिळावयाची, आणि त्यांतील देवांचे डोळे मोठे, नाके टोकदार, अंगे सपाट. असा देव एखाद्या घरंदाज स्त्रीसारखा दिसावा, अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

रविवर्मा त्रावणकोरकडील किळिमानूरचा. त्याचा जन्म १८४८ चा आणि मृत्यू १९०६ चा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती १८९० च्या सुमारास पुरी झाली. या कामासाठी पुराणकाळातील स्त्रीपुरुषांचा पोशाख कसा असावा हा प्रश्न त्याच्यापुढे पडला, आणि त्याचा शोध घेण्यासाठी तो आपल्या भावाबरोबर उत्तर हिंदुस्थानात पुष्कळ हिंडला. प्रांतोप्रांतीचा पोशाख निराळा. सर्वांचा म्हणता येईल असा एकही सापडेना. शेवटी त्याने साडी निवडली. दमयंती, सैरंध्री, लक्ष्मी, सरस्वती सर्वांना त्याने साडी नेसविली, आणि त्यामुळे त्या काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कोणालाच परक्या वाटल्या नाहीत. म्हणजे जे आपण ‘परंपरा’ म्हणून पाहतो, तो एका चित्रकाराने विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. त्याचेच १८८९ चे एक चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या वेषांतील अकरा स्त्रिया वाद्ये घेऊन एकत्र बसल्या आहेत. हिंदुस्थान हा एकच देश आहे की काय, अशी चर्चा राजकारणात चाललेली असताना या मनुष्याने तो देश एका सतरंजीवर बसवून दाखविला!

परंतु तैलचित्र राजवाड्यातच राहते. ते झोपडीत नेले ते छापखान्याने. माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्याला सुचविले होते, की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे, तर ती विलायतेत पाठवून छापून घ्या. रविवर्म्याने त्याच्याही पुढे जाऊन १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचाच शिळाछापखाना काढला. यंत्रे जर्मनीची, कारागीर जर्मन. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड, एकावर एक छाप, आणि शेवटी रोगण देऊन कागद तैलचित्रासारखा चमकदार करावयाचा, अशी ती रीत. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, कर्जामुळे रविवर्म्याला तो श्लायशर नावाच्या जर्मन कारागिराला विकावा लागला, आणि १९७२ साली तो आगीत जळाला. मधल्या काळात मळवलीच्या देवांनी सारा देश व्यापला. (आपल्या पुण्याने या कामी मुंबईच्याही आधी हात घातला होता, हे सांगितले नाही तर पुणेकर मला क्षमा करणार नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रशाळा १८७८ ची. देवादिकांबरोबर मराठेशाहीतील पुरुषांचीही चित्रे तिने छापली, आणि नाना फडणिसांचा चेहरा मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतो त्यात तिचा मोठा वाटा आहे.)

या हकिकतीचा पुढला भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील राष्ट्रीय वृत्तीच्या कलाकारांनी आणि टीकाकारांनी, त्यांत भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी हे प्रमुख, रविवर्म्यावर असा आक्षेप घेतला की याची कला मुळी हिंदी नव्हेच. तेलरंग परदेशी, छायाप्रकाश परदेशी, देवांना माणसांसारखे दाखविण्याची हौसही परदेशी. आक्षेपात तथ्य होते. पण लोकांनी तो मानला नाही. ज्याला विद्वानांनी परका ठरविले त्याचीच लक्ष्मी आज दिवाळीला घरोघर पूजेत असते. आपले काय आणि परके काय, हा निकाल विद्वानांच्या सभेत लागत नाही, असा याचा अर्थ घ्यावा काय? अंशतः घ्यावा. पण अंशतःच, कारण आता सांगावयाचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे, आणि तेही साडीचेच आहे.

अँजेलो द फोन्सेका हे नाव पुण्यातही फारसे कोणाला ठाऊक नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. कारण या चित्रकाराचे आयुष्य पुण्यात गेले आणि १९६७ साली ते वारलेही इथेच. जन्म १९०२ चा, गोव्यातील सांतु एस्तेव्ह गावचा. रविवर्म्यावर टीका करणाऱ्या त्याच बंगाली वर्तुळात, शांतिनिकेतनाच्या वातावरणात, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बसू यांच्या सान्निध्यात त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले; हलके जलरंग पुन्हापुन्हा धुऊन काढण्याची ती मृदू रीत त्यांच्या हातात कायमची बसली. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते. परत गोव्यात आल्यावर त्यांनी आपल्या धर्माचे विषय आपल्या देशाच्या रूपात काढावयास घेतले. त्यांची मेरी सावळी आहे, साडी नेसलेली आहे, मांडी घालून जमिनीवर बसते. तिच्या मांडीवरचे मूल कोकणातल्या कोणत्याही घरचे असावे असे आहे.

गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. तेथील ख्रिस्ती समाजातील अनेकांना आणि धर्माधिकाऱ्यांना ही चित्रे रुचली नाहीत. देवाच्या आईला असे दाखविणे म्हणजे पावित्र्यभंग, असे त्यांचे मत पडले. विरोध इतका वाढला की फोन्सेका यांना गोवा सोडावा लागला. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला आणि तिथे राहून त्यांनी शेकडो चित्रे काढली.

आता ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. एकाने लक्ष्मीला साडी नेसविली, तर ती सनातन ठरली. दुसऱ्याने मेरीला साडी नेसविली, तर त्याला गाव सोडावे लागले. गोव्याच्या चर्चमधील निळ्या झग्यातील गोरी मेरी तरी मूळची कुठली? पॅलेस्टाइनमधील एका सुताराच्या घरची ती स्त्री. तिला इटालियन आणि फ्लेमिश चित्रकारांनी आपापल्या गावच्या बायकांचा चेहरा दिला आणि आपापल्या बाजारातील उंची कापड नेसविले. त्यांनीही फोन्सेकांनी केले तेच केले होते. फक्त चारपाचशे वर्षे आधी केले, म्हणून ते ‘मूळ’ मानले गेले. फोन्सेकांपुढे अडचण श्रद्धेची नव्हती. ख्रिस्ती असणे आणि कोकणी असणे या दोन ओळखी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि नेमके तेच त्या वेळी सत्तेलाही नको होते आणि समाजालाही. त्यांच्या पत्नीने त्यांची बरीचशी चित्रे गोव्यातील पर्वरी येथील झेवियर सेंटरला दिली. ज्या भूमीने चित्रकार घालविला तिने चित्रे परत घेतली. गोव्याला समुद्र पाहावयास जाणाऱ्यांनी एक सकाळ पर्वरीसाठी काढावी.

येथवर आपण जे पाहिले ते एका अर्थी सोयीचे होते. जुन्या काळच्या लोकांनी काय मानले, गोव्याच्या लोकांनी काय केले, हे ऐकताना आपल्याला काही टोचत नाही. पण ओळखीचा विषय इतक्या स्वस्तात सुटत नाही. म्हणून आता आपल्याच पेठेत येऊ.

बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. निदान बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखविले असेल. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावाने त्यांनी आपला संग्रह उभा केला. १९७५ साली तो त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तू. त्यांतील थोड्याच एका वेळी मांडता येतात. मला या संग्रहात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की केळकरांनी राजेरजवाड्यांच्या तरवारी आणि सिंहासने यांच्या मागे न लागता घरातल्या वस्तू जमविल्या. दिवे, समया, अडकित्ते, वज्री, फण्या, पानाचे डबे, दौती, वाद्ये, दरवाजे, खिडक्या. अडकित्त्यासारख्या क्षुद्र वस्तूला कारागिराने घोड्याचा, पोपटाचा, आलिंगन देणाऱ्या जोडप्याचा आकार दिला आहे, आणि त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. मुलाची आठवण म्हणून एका पित्याने साऱ्या समाजाची आठवण सांभाळली, यापरते सुंदर स्मारक मला ठाऊक नाही. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेषही तिथे पुन्हा उभे केले आहेत. ते पाहताना पेशवाई डोळ्यांपुढे उभी राहते आणि पुण्याच्या माणसाची मान थोडी ताठ होते. यात वाईट काही नाही.

पण त्याच पेशवाईची दुसरी एक वस्तू आहे, ती कोणत्याही कपाटात नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणास बोलाविले होते. भाषणाचा मसुदा पाहून मंडळ बिचकले आणि परिषदच रहित झाली. तेव्हा आंबेडकरांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. तेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. (व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, की या देशात सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या व्याख्यानांपैकी एक कधी दिलेच गेले नाही.) त्यात पेशव्यांच्या राजधानीविषयी असे सांगितले आहे, की अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा, म्हणजे त्याच्या पावलांचे ठसे मागच्या मागे पुसले जातील, आणि गळ्यात मडके अडकवावे, म्हणजे त्याची थुंकी रस्त्यावर पडणार नाही.

ते मडके कुठे आहे? कोणत्याही संग्रहालयात नाही आणि असणारही नाही. केळकरांना दोष देण्यात अर्थ नाही. जे उरलेच नाही ते कोण जमविणार? पितळी समई घरात जपली जाते, मुलीला आंदण दिली जाते, जुनी झाली तर संग्राहक येऊन विकत मागतो. गळ्यातले मातीचे मडके ज्याच्या गळ्यात होते, तो ते मुलाला वारसा म्हणून देईल काय? तो ते संधी मिळताच फोडील. संग्रहालयात पोहोचते ते ज्याला कोणीतरी जपावेसे वाटले ते. त्यामुळे जपणाऱ्यांची आठवण वस्तुरूपाने शिल्लक राहते आणि सोसणाऱ्यांची आठवण केवळ बोलण्यात राहते, बोलणारा गेला की विरून जाते.

इथे चित्रकाराचे काम सुरू होते. सवी सावरकर हे नागपूरचे, जन्म १९६१ चा. नागपुरात आणि नंतर बडोद्यात शिकून पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. पेशवाईतील पुण्याचा अस्पृश्य हा त्यांच्या चित्रांचा आणि मुद्राचित्रांचा पुन्हापुन्हा येणारा विषय आहे. जाड, ओबडधोबड रेषा. शरीराला डौल नाही, चेहऱ्याला गोडवा नाही. आणि गळ्यात ते मडके, अंगावर तो झाडू. कपाटात जी वस्तू कधीच आली नसती ती चित्रकाराने कागदावर आणून ठेवली आहे. तिला क्रमांक नाही, काळाची पट्टी नाही. पण एकदा पाहिल्यावर केळकर संग्रहालयातील समयांच्या ओळीत एक जागा रिकामी आहे असे वाटू लागते.

चित्र कुरूप आहे, अशी तक्रार मी ऐकली आहे. ते खरे आहे. ते सुंदर काढले असते तर तो खोटेपणा झाला असता. दुसरी तक्रार अशी असते की हे जुने कशाला उकरावयाचे? हा प्रश्न समईविषयी कोणी विचारीत नाही. तीही जुनीच आहे. आणि हे चित्र पाहणारे सगळे एकाच जागी उभे राहून पाहत नाहीत. एखाद्याला त्यात आपला खापरपणजोबा दिसतो; दुसऱ्याला रस्त्याच्या कडेला, चौकटीबाहेर, त्या माणसापासून चार पावले दूर सरकलेला आपला खापरपणजोबा दिसावयास हवा. चित्रात तो काढलेला नाही. पण मडके ज्याच्यासाठी अडकवावे लागले तो कुठेतरी जवळच असला पाहिजे. तो जागा सोडून गेला आहे आणि ती जागा आज प्रेक्षकाची आहे. ‘हे चित्र माझ्याविषयी आहे की त्याच्याविषयी?’ असा प्रश्न मनात आला, तर चित्र कळले नाही असे म्हणण्याचे कारण उरत नाही.

स्मृती म्हणजे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे असावे लागते असेही नाही. डॉ. सुधीर पटवर्धन हे आपल्या पुण्यातच वैद्यक शिकून ठाण्यास गेले आणि तिथे कित्येक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता चित्रे काढीत राहिले. २००५ पासून ते पूर्णवेळ चित्रकार झाले. ठाण्या-मुंबईचे कामगार, इराण्याचे हॉटेल, लोकलगाडी, डोंगराच्या पोटात घुसलेल्या वसाहती, हे त्यांचे विषय. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप आठवणारे लोक आपल्यात आहेत. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यांतील बहुतेकांच्या दृष्टीने तो संप कधी मिटलाच नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती आणि दुकाने आली. पटवर्धनांचे ‘लोअर परळ’ हे चित्र २००१ चे, म्हणजे जुने अजून पुरते गेले नव्हते आणि नवे अजून पुरते आले नव्हते त्या काळचे. दहा वर्षे उशिरा काढले असते तर ते केवळ आठवणीतून काढावे लागले असते. एरवी आपण छायाचित्रावर भिस्त ठेवतो. पण छायाचित्र एका क्षणाचे असते, आणि असल्या चित्रात तीस वर्षांचे जाणेयेणे एकाच रस्त्यावर दिसते.

पटवर्धनांच्या साऱ्या कारकिर्दीचे प्रदर्शन २०१९-२० मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झाले. ती इमारत म्हणजे पूर्वीचे कावसजी जहांगीर सभागृह. जुन्या पिढीने तिथे व्याख्याने आणि सभा ऐकल्या; १९९६ पासून तिथे चित्रे असतात. मुंबईस जाऊन पाहणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी याच चित्रकाराने आधी एक खटाटोप केला होता. २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने समकालीन भारतीय चित्रकारांच्या मूळ कृती महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेऊन दाखविण्यात आल्या. छापील नक्कल पाहणे आणि मूळ चित्रापुढे उभे राहणे यांत, ध्वनिमुद्रिका आणि प्रत्यक्ष मैफल यांच्यात असतो तेवढा फरक आहे; चित्राचा आकार, रंगाचा थर, ब्रशाचा फटकारा हे छापात येत नाही. पुस्तकात तळहाताएवढी दिसणारी आकृती भिंतीवर आपल्या उंचीची निघाली, म्हणजे तिच्याशी वागण्याची आपली रीतच बदलते.

प्रत्यक्ष पाहावयास जाल तेव्हाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. सगळे प्रदर्शन पाहावयाचे असा हट्ट धरू नये. एकदा सर्व दालन भरभर फिरून यावे आणि मग ज्या दोन-तीन चित्रांनी पाय अडविला त्यांच्यापुढे पंधरा-पंधरा मिनिटे काढावी. पट्टी शेवटी वाचावी. आधी वाचली की डोळे चित्रात तेवढेच शोधतात. चित्रात कोण आहे हे पाहून झाले की कोण नाही हे पाहावे. कोणी कोणाकडे पाहत आहे, कोण पाठमोरे आहे, कपडे कोणत्या गावचे, कोणत्या ऐपतीचे, हे ओळखावयास कलेचे शिक्षण लागत नाही. लग्नाच्या मांडवात आपण हेच तर करीत असतो. शक्य असल्यास घरातील एखाद्या वृद्ध माणसाला बरोबर न्यावे. टीकाकाराला न दिसणारी गोष्ट, उदाहरणार्थ चित्रातील पदर कोणत्या बाजूने घेतला आहे आणि तसा कोणत्या भागात घेत, ही त्यांना एका दृष्टीत दिसते. चित्रकार तिथे बसलेला असला तर त्याच्याशी बोलावे. एरवी त्याच्याशी कोणी फारसे बोलत नाही. आणि पैशांची सबब सांगू नये. मुंबईच्या जहांगीर कलादालनात १९५२ पासून लोक येत आहेत आणि आत जावयास तिकीट लागत नाही.

दूर जावयाची तयारी असेल, तर मात्र मी मुंबईच्या उलट दिशेला, सातारा जिल्ह्यातील औंधला जावयास सांगेन. सूर्यनमस्कारांमुळे सर्वांना ठाऊक असलेले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये, म्हणजे आपल्या प्रजेला स्वराज्य देण्याची तयारी चालू असतानाच, यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय उभारले. रविवर्म्याची मूळ तैलचित्रे तिथे आहेत, महाराष्ट्रातील चित्रकारांची आहेत, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची आई आणि मूल ही दगडी मूर्तीही आहे. मूरच्या कृती जगातील मोठमोठ्या शहरांतून असतात. ही मात्र माणदेशाच्या वाटेवर, देवीच्या पायऱ्यांच्या शेजारी आहे, आणि ज्या लोकांसाठी राजाने हे सारे मांडले ते लोक देवदर्शनालाच आलेले असतात. बहुतेक जण दर्शन घेऊन तसेच खाली उतरतात. यमाईला जाणाऱ्यांनी उतरताना तास-दीड तास हाताशी ठेवावा, आणि रविवर्म्याच्या चित्रातील साडीचा काठ जवळून पाहावा. छापील लक्ष्मीत तो कधीच नीट आलेला नाही.